छातीभोवतीचा पट्टा

रंजीता ही चंदनची बायको, असं आदिलाबादच्या भाजीबाजारात कुणी म्हणत नसे. तिथे चंदन हा रंजीताचा नवरा होता. दुकान चंदनच्या नावावर, गुडीहत्नूरजवळचं वावर त्याच्या बापाचं, काटा धरणारा हात त्याचा. पण बोनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायची ती रंजीताच्या हातून. ती खुर्चीत बसून पहिल्या गिऱ्हाइकाची नोट घेणार, कपाळाला लावणार, गल्ल्यात टाकणार, तेव्हा कुठे चंदन दुसऱ्याची पिशवी भरणार. तोवर दारात कलेक्टर उभा राहिला तरी त्याला वांगी मिळायची नाहीत. शेजारचे दुकानदार, त्यात तेलुगू आले, उर्दू बोलणारे आले, या खुर्चीकडे थोड्या हेव्यानेच पाहत.

ही खुर्ची कशी आली ते आधी सांगायला हवं.

मुलगी प्रणिता नुकती चालायला लागली होती, तेव्हा रंजीताच्या एका डोळ्यापुढे धुकं आलं. महिन्याभरात ते आपोआप निवळलं, सगळे विसरले. मग उजव्या पायातली चप्पल रस्त्यात गळून पडायला लागली आणि तिला त्याचा पत्ताही लागेना. एकदा भेंडी तोडता तोडता ती उभी होती तिथेच कोसळली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं बाळंतपणात वारा लागला. अंगारे झाले, तेलं झाली. शेवटी नागपूरच्या नसांच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढून नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. रोगाशी लढणारी अंगातली ताकदच उलटून नसांवरचं वेष्टण खाते, असं त्यांनी समजावलं. ते लांबलचक नाव घरात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. घराने त्याचं ‘नसांची बिमारी’ करून टाकलं.

भावकीत कुजबुज सुरू झाली, की सुनेला किनवटकडे माहेरी पोचवा आणि चंदनचं दुसरं बघा. रंजीताची सासू बयनाबाई तेव्हा मध्ये उभी राहिली. दवाखान्यातून आलेल्या सुनेला तिने सरळ दुकानावर नेऊन बसवलं आणि बोनी तिच्या हातून करवली. त्या दिवशी माल दुपारच्या आत संपला. गावात लग्नांची तिथी होती म्हणून संपला, हे हयातभर भाजी विकलेल्या बयनाबाईला कुणी सांगायला नको होतं. पण तिने बाजारभर गाजावाजा केला, की सुनेच्या हाताला यश आहे. लक्ष्मीला माहेरी कोण पोचवतो? भावकीची तोंडं बंद झाली. रंजीता त्या रात्री सासूच्या पाया पडली होती, आणि ते उपकार ती आजही नाकारत नाही. फक्त एवढंच झालं, की ज्या खुर्चीने तिचा संसार वाचवला त्याच खुर्चीत तिला कायमचं बसवून टाकलं, आणि बसवणाऱ्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रंजीताला चालायचं होतं. आयुष्याकडे तिने मागितलं ते एवढंच. काठी घेऊन का होईना, पाय ओढत का होईना, पण आपल्या पायांनी. नागपूरच्या डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं. रोज चाला, वजन वाढू देऊ नका, बीपी आणि रक्तातली चरबी गावातल्या डॉक्टरांकडून तपासत जा, असं ते दर खेपेला बजावत. चंदन शेजारी बसून गंभीरपणे मान हलवायचा. परतीच्या वाटेवर पांढरकवडा यायच्या आत त्या सगळ्याचं ‘डॉक्टर म्हणले, दगदग करू नको’ असं होऊन जायचं. चंदन खोटारडा नव्हता. त्याला खरोखरच तसं ऐकू यायचं.

आणि लाड तर विचारू नका. नसांना ताकद म्हणून वाटीभर तूप, सकाळी काजू-बदाम, रविवारी बकऱ्याच्या खुरांचा रस्सा. उठू म्हणाली की तिघं धावत. उठली तर पडेल, पडली तर बाजार हसेल, आणि पडणाऱ्या बाईच्या हातची बोनी कोण घेईल? वजन वाढलं तर बयनाबाई म्हणायची, सून आता भरली. बीपीचं म्हणाल, तर गावातला डॉक्टर फाइलवरचं नाव वाचूनच ती परत सरकवायचा; आमच्या हाताबाहेरची केस आहे, नागपूरलाच दाखवा. नागपूरचे म्हणत गावात तपासा. दोघांच्या मध्ये एवढा लांब हमरस्ता, आणि त्या रस्त्यावर रंजीताचं बीपी कुणी मोजलं नाही.

मग नागपूरच्या डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली. रोज एक, आयुष्यभर. या गोळीने पहिल्या दिवशी हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून रंजीताच्या छातीला वायरी लावून तिला दिवसभर दवाखान्यात निजवून ठेवलं. सगळं ठीक निघालं. तिथेच तिने विचारलं, की अधूनमधून छातीभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं होतं, ते काय? डॉक्टरांनी कागदावर नुकत्याच उमटलेल्या रेघा पाहिल्या आणि सांगितलं, की हे नसांचं आहे, या आजारात होतं, हृदयाचं नाही, घाबरू नका.

ते वाक्य त्या दिवसापुरतं खरं होतं. चंदनने ते जन्मभरासाठी घेतलं. बायकोचं हार्ट मोठ्या मशीनवर तपासून झालंय, एकदम टकाटक आहे, असं तो गिऱ्हाइकांनाही सांगायचा. बायकोच्या आजारावर तो तासभर बोलू शकायचा. उन्हाने तो वाढतो, गारव्याने उतरतो, पट्टा आला की ओला टॉवेल गुंडाळायचा आणि पंखा लावायचा, हे सगळं त्याला पाठ होतं आणि तो ते मन लावून करायचा. एवढं करणारा नवरा बाजारात दुसरा नव्हता, हे रंजीतालाही मान्य होतं. म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं.

गोळी मात्र लागू पडली. आजार जिथे होता तिथे थांबला. सकाळी दुकान उघडायच्या आधी, घरचे चहात गुंतले असताना, रंजीता काठी घेऊन गल्लीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायला लागली. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता. टाकीच्या कठड्याला हात लावून ती परत फिरायची, तेव्हा तिला माहेरी असल्यासारखं हलकं वाटायचं.

त्याच वाटेवर ते दुसरं दुखणं सुरू झालं.

पट्टा तिला चांगला ठाऊक होता. तो बसल्या जागी यायचा, बरगड्यांभोवती कातडीवर जळजळायचा, उन्हात तासन्‌तास छळायचा. हे तसं नव्हतं. हे आतून यायचं, छातीच्या मधोमध, आणि तिथून जबड्यात चढायचं, जणू दाढ दुखतेय. चाललं की यायचं, थांबलं की जायचं. आधी टाकीजवळ यायचं, मग निम्म्या वाटेवर, मग घराच्या दुसऱ्या पायरीवर. रंजीता फार शिकलेली नव्हती, पण आपल्याच अंगातली दोन दुखणी वेगळी ओळखायला शाळा लागत नाही.

तिने चंदनला सांगितलं. चंदनने टॉवेल भिजवला. तिने पुन्हा समजावून सांगितलं.

“हे पट्ट्यासारखं नाई. पट्टा बसल्या जागी येते. हे चाललं का येते, थांबलं का जाते.”

“वीस वर्षांपासून मी ही बिमारी पाहून राह्यलो,” चंदन म्हणाला. “आता तू मले शिकवतं का?”

बयनाबाईला सांगितलं, तर तिने ऊन लागलं म्हणून कांदा ठेचून दिला आणि टाकीकडचं फिरणं तेवढं बंद करायला लावलं. प्रणिता हैदराबादला नोकरी करायची. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली की दिवाळीत येते, मग नागपूरला जाऊ. घरात प्रत्येक दुखणं नागपूरच्या खेपेसाठी शिल्लक ठेवायची रीतच पडली होती. खेप सहा महिन्यांनी यायची.

एकदा रंजीताने धीर केला. चंदन वावरात गेला असताना ती एकटीच ऑटोत बसली आणि एका खासगी दवाखान्यात गेली. बसल्या बसल्या आजाराचं नाव सांगितलं, आणि तिथेच चुकलं. कंपाउंडरने चिठ्ठीही फाडली नाही. घरचं माणूस घेऊन या म्हणाला. संध्याकाळी ही बातमी बाजारातून फिरून तिच्या आधी चंदनपर्यंत पोचली. तो ओरडला नाही. त्याचे डोळे भरून आले. आपण एवढं करतो आणि ही आपल्यामागून दवाखाने हिंडते, चारचौघांत काय दिसलं असेल, असं तो म्हणत राहिला. शेवटी रंजीतानेच त्याची समजूत काढली. छातीचं बोलायचं तिने त्या दिवसापासून सोडून दिलं.

दसऱ्याच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. बतुकम्माच्या सणाची फुलं संपता संपता दसऱ्याचा झेंडू आला होता, आणि चंदनने वावरातला सगळा झेंडू तोडून दुकानापुढे ओतला होता. रंजीता पहाटे उठली तीच घामाने निथळत. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं होतं. या वेळी ती चाललीही नव्हती, आणि थांबून ते जातही नव्हतं. दुकानापर्यंत तिला धरून आणावं लागलं. खुर्चीत बसल्यावर तिने चंदनचा हात घट्ट पकडला.

“मले दवाखान्यात न्या.”

“बोनी होऊ दे,” तो म्हणाला. “गर्दी पांगली का नेतो. पट्टाच हाय तो.”

तिने बोनी केली. नोट घामाने भिजली, ती कपाळाला चिकटली, गिऱ्हाइकाने ती कौतुकाने पाहिली. चंदनने एका हाताने झेंडू तोलत दुसऱ्या हाताने बायकोची सेवा केली, हे कुणीही सांगेल. बर्फाची लादी आणवली. टॉवेल भिजवून तिच्या छातीभोवती गुंडाळला. टेबलफॅन तिच्याकडे वळवला. बयनाबाईने तळपाय चोळले. नसांच्या बिमारीत जे जे करायचं ते सगळं त्या दिवशी नीट, वेळच्या वेळी झालं. गर्दी पांगायला दुपार उलटून गेली. तोवर रंजीताला दोनदा ओकारी झाली होती आणि तिचे ओठ काळे पडले होते. झेंडू संपला होता.

सरकारी दवाखान्यात चंदनने आधी फाइल पुढे केली. नसांची बिमारी, पट्टा, नागपूर, गोळी, सगळं तो ओळीने सांगायला लागला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फाइल बाजूला ठेवून रंजीताच्या छातीला वायरी लावल्या. कागद बाहेर येत असतानाच त्यांनी हिंदीत विचारलं, की दुखणं कधीपासून आहे. चंदन म्हणाला, आत्ताच, तासाभरापासून. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबी त्याआधी जे होतं तो पट्टा होता. रंजीताने डोळे न उघडता सांगितलं, “पहाटेपासून.” डॉक्टरीणबाईंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा चंदनकडे, आणि इंजेक्शन भरायला सांगितलं.

त्याच दिवशी तिला ॲम्ब्युलन्समधून नागपूरला हलवलं. बंद पडलेली शीर उघडली, जीव वाचला. पण हृदयाचा मोठा भाग रक्तावाचून मेला होता आणि मेलेलं परत येत नसतं. हृदयाच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. या आजाराच्या माणसांना हृदयाचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो. म्हणूनच यांचं बीपी, चरबी अधिक काटेकोर बघायची असते, यांना बसवून ठेवायचं नसतं, आणि छातीत दुखलं तर आधी हृदय बघायचं असतं, नसा मागून. सकाळीच आणलं असतं तर बरंच वाचलं असतं.

पुढे नसांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला, आणि म्हणाले की ती रोजची गोळी आता बंद करावी लागेल. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या माणसाला इतक्यात ती देता येत नाही. दुसरं औषध सुरू करू, पण त्याचा गुण यायला वेळ लागेल, आणि गोळी सुटली की आजार उसळू शकतो. रंजीताने एकच विचारलं, की चालता येईल ना? डॉक्टर म्हणाले, बघू.

आजार उसळला. संक्रांत यायच्या आत तिचे दोन्ही पाय गेले. आधी टाचा उचलेनात, मग गुडघे, आणि एके दिवशी सकाळी पलंगावरून तिने पाय खाली सोडले ते तसेच लोंबत राहिले. ते आपले आहेत हे तिला नुसतं दिसत होतं. काठी दाराआड उभी होती, ती बयनाबाईने नेऊन वेलाला मांडव करताना वापरली. चाकांची खुर्ची आली. सगळे हळहळले, आणि आतून सगळ्यांना थोडं सुटल्यासारखंही झालं, कारण आता ती उठेल, पडेल, एकटी कुठे जाईल, ही भीती संपली. रंजीताला ते त्यांच्या चेहऱ्यांवर वाचता यायचं. तिला रडू येत नव्हतं. राग यायचा, आणि तो ठेवायला घरात जागा नव्हती.

चंदनने तर हृदयाच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य तेवढं उचललं. दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, की हार्टचंही त्या बिमारीनंच झालं, मोठ्या डॉक्टरांनी तोंडानं सांगितलं, या लोकांना होतेच ते. लोक मान हलवायचे, बिचारा किती करतो म्हणायचे. एका दिवशी रंजीता मध्येच बोलली, की डॉक्टर त्याच्या पुढेही बोलले होते. चंदनने गिऱ्हाइकाला हळूच खूण केली, की मनावर घेऊ नका, बिमारीनं चिडचिड होते.

उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. सकाळी शटर वर करून चंदन कांद्याची गोणी ओढत होता. अचानक तो वाकला, छातीवर हात धरून खाली बसला आणि म्हणाला, “छातीत दुखून राह्यलं.”

एकदाच म्हणाला. बयनाबाईने असा हंबरडा फोडला की चार दुकानं पलीकडची माणसं धावत आली. कुणी पाणी आणलं, कुणी ऑटो अडवला, कुणी शटर ओढून खाली घेतलं. पिशवी घेऊन आलेलं पहिलं गिऱ्हाईक तसंच परत गेलं. गर्दीचं कुणी नाव काढलं नाही, दुसरं काही असेल असंही कुणाला सुचलं नाही. रंजीता स्वतःच ओरडत होती, लवकर न्या, लवकर न्या. त्यात प्रेमाखेरीज काही नव्हतं. ऑटो गेला, त्यामागे बयनाबाई गेली, आणि बंद दुकानापुढे खुर्ची ढकलायला कुणी उरलं नाही. रंजीता तिथेच बसून राहिली. ऊन सरकत तिच्या मांडीवर आलं तेव्हा शेजारच्या दुकानदाराने तिला सावलीत घेतलं.

दुपारी चंदन चालत परत आला. वायरी लावून पाहिलं, रक्त तपासलं, पुन्हा वायरी लावून पाहिलं. काही नव्हतं, पित्त होतं. बयनाबाईने दृष्ट काढायला मिरच्या आणायला धाव घेतली. रंजीतानेही आधी मोठा श्वास सोडला आणि नवऱ्याचा हात हातात घेतला. मग तो हात तिने सोडला नाही.

“तुमी एकदाच म्हणलं,” ती म्हणाली.

“काय?”

“छातीत दुखते म्हणून. एकदाच म्हणलं, अन् दुकान बंद झालं.”

“मंग काय करावं लागते?” चंदन म्हणाला. “छातीचं काम हाय, रंजीता. जिवाशी खेळ करता येते का?”

“माहीबी छातीच होती.”

चंदनने हात सोडवून घेतला आणि शटर वर करायला वळला.